तयार कान

पुण्यातल्या माणसाला तुम्ही कंजूष म्हणालात, आढ्यतेखोर म्हणालात, तर एक वेळ तो हसून सोडून देईल. पण 'तुम्हाला गाण्याचा कान नाही' असे म्हणालात तर तो जन्मभर तुमचे तोंड पाहणार नाही. सवाई गंधर्वांच्या नावाने १९५३ सालापासून या गावात जो महोत्सव होत आला आहे, त्याने दोन-तीन पिढ्यांना मांडी घालून, अंगाभोवती शाल लपेटून ऐकायला शिकवले. त्यातून कितीतरी चांगले कान तयार झाले, यात शंका नाही. पण त्याचबरोबर 'आपला कान तयार नाही की काय' ही एक धास्तीही घरोघर तयार झाली. या धास्तीवर चालणारा एक व्यापार मी अलीकडे जवळून पाहिला. हा लेख त्याविषयी आहे.

व्यापार तारांचा आहे. घरी गाणे ऐकण्याची यंत्रे एकमेकांना तारांनी जोडावी लागतात. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत तार न्यावी लागते. बुधवारातल्या तपकीर गल्लीत शिरलात तर अशी तांब्याची तार मीटरवर मोजून मिळते, आणि दोन्ही स्पीकरांचे काम काही शेकड्यांत भागते. हीच तार मखमली पेटीत घालून, तिच्यावर विणीव आवरण चढवून, 'हिच्यातले तांबे प्राणवायूविरहित आहे', 'हिच्यात चांदी आहे', 'वीज या बाणाच्या दिशेनेच न्यावी' असे सांगून पंचवीस हजारांपासून काही लाखांपर्यंत विकली जाते. घेणारे मूर्ख नसतात. माझे जे स्नेही आहेत त्यांनी छत्तीस हजारांची जोडी घेतली. ते उभा जन्म बँकेत हिशेब तपासत आले, भाजीवाल्याला सुटे पैसे मोजून देतात, आणि गाणे माझ्यापेक्षा दसपट जाणतात. ते मला म्हणाले, "मास्तर, पडदा दूर झाला हो! तानपुरा आता वेगळा दिसतो." दिसतो, हा त्यांचाच शब्द.

आता, फरक पडतो की नाही याचे निम्मे उत्तर मॅट्रिकच्या भौतिकशास्त्रात आहे. मी तेवढेच शिकलो आहे आणि इथे तेवढे पुरते. अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार तीन मीटर नेली, म्हणजे जाऊन येऊन सहा मीटर झाली, तर तिचा रोध ओहमच्या चार-शतांश भागाएवढा भरतो. स्पीकरचा रोध साधारण ८ ओहम धरतात. तारेपायी जे घटते ते डेसिबलच्या विसाव्या भागाहूनही कमी. आणि माणसाच्या कानाला आवाजातला चढउतार कळू लागतो तो साधारण एका डेसिबलच्या आसपास, फार निवांत परीक्षेत त्याहून काहीसा कमी. म्हणजे तार मुळीच काही करत नाही असे नव्हे. दोऱ्यासारखी बारीक तार दहा-पंधरा मीटर ओढलीत तर आवाजाचा पोत बदलेल. तबकडीच्या सुईपासून येणाऱ्या तारेवर नीट आच्छादन नसेल तर घरघर ऐकू येईल, आणि ती माझ्या आईलासुद्धा ऐकू येईल. स्क्रू ढिला असेल तर खरखरेल. पण पुरेशी जाड, धड जोडलेली तार एकदा लागली, की पुढचे हजारो रुपये कशासाठी, याचे उत्तर गणितात सापडत नाही.

पण गणिताने माणसाचे समाधान होत नाही, आणि व्हावे असेही मी म्हणत नाही. एक प्रामाणिक माणूस 'मला ऐकू येते' असे सांगत असता 'तुला येत नाही' असे म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला? त्याचा कान माझ्या डोक्यात नाही. आपल्याकडे नैयायिकांनी प्रत्यक्षाला प्रमाणांत पहिले स्थान दिले. पण त्याची व्याख्या करताना ते ज्ञान भ्रमाचे नसले पाहिजे अशी अटही घातली. दोरीच्या जागी साप दिसतो तेव्हा दिसणे खोटे नसते, साप खोटा असतो. ही अट कशी तपासावी, एवढाच काय तो प्रश्न.

परीक्षेची कल्पना माझ्या स्नेह्यांचीच होती. त्यांचा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे; त्याला त्यांनी रविवारी बोलावले. स्पीकर जागेवरच ठेवले आणि यंत्रापुढे जाजम टांगले. पुतण्याने आत बसून नाणे उडवायचे, त्याप्रमाणे छत्तीस हजारांची किंवा तपकीर गल्लीची तार जोडायची. आणि तीच तार पुन्हा लावायची असली तरी ती काढून परत बसवायची, म्हणजे लागलेल्या वेळावरून सुगावा लागायला नको. काय जोडले आहे ते बाहेर बसलेल्या आम्हा दोघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. एकच मुखडा सोळा वेळा वाजला. पहिल्या चार खेपांना ते झटकन बोलले. मग वेळ लावू लागले. दहाव्या खेपेनंतर त्यांनी चष्मा काढून हातात धरला. सोळांपैकी सात उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून आठ आली असती.

अशा परीक्षांत हरणारे ते एकटे नव्हेत. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे एकवीस व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर अंधारे चष्मे चढवून तीन नवी आणि तीन जुनी व्हायोलिने वाजवायला दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियसची होती. जुने कोणते हे त्यांना खात्रीने सांगता आले नाही, आणि बहुतेकांनी पसंत केले ते नवे. जन्मभर तेच वाद्य गळ्याशी धरणारी ती माणसे होती.

चहा झाल्यावर माझे स्नेही म्हणाले, "मग इतके दिवस मला काय ऐकू येत होते, मास्तर?" हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. त्यांच्या पत्नीला जाऊन तीन वर्षे झाली. संध्याकाळचे दोन तास ते त्या स्पीकरांसमोर काढतात. त्या दोन तासांतला एक आनंद मी काढून घेतला होता, निदान काढून घेण्याच्या वेळी हजर होतो.

मी त्यांना जे सांगितले ते असे. तानपुरा तुम्हाला खरोखरच ऐकू येत होता. पूर्वी तुम्ही रेकॉर्ड लावून पेपर वाचत होता. तार आली त्या दिवसापासून पेपर बाजूला पडला, दिवा मंद झाला, डोळे मिटले. छत्तीस हजार दिल्यावर कोण पेपर वाचील? रेकॉर्डमध्ये तानपुरा आधीपासूनच होता.

ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी त्यांचा हुकमी एक्का काढला. तो खरोखरच चांगला होता, म्हणून इथे सविस्तर देतो. तानपुऱ्याच्या घोडीवर, तारेच्या खाली, सुताचा एक धागा सरकवतात. तो केसभर पुढेमागे झाला की जवारी उघडते किंवा मिटते. नीट लागला की खर्जातून गंधार आपोआप बोलू लागतो. पदार्थविज्ञानाचा जुना नियम असा, की तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्या उपस्वरांची गाठ पडते ते उपस्वर उमटता कामा नयेत. तानपुऱ्यात मात्र ते स्पष्ट ऐकू येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर निबंध लिहिला आणि दाखवून दिले की कान बरोबर होता; घोडीच्या वक्र पाठीवर तार ज्या रीतीने टेकते-सुटते ती त्या नियमाने हिशेबात धरलेलीच नव्हती. "तेव्हा आज तुमचे गणित काहीही म्हणो," माझे स्नेही म्हणाले, "उद्या एखादा रामन माझ्या तारेलाही भेटेल."

मला यावर दोन दिवस विचार करावा लागला. मला दिसणारा फरक असा. तानपुऱ्याच्या बाबतीत घटना निर्विवाद होती. नव्हते ते स्पष्टीकरण. पाठमोरा बसलेला कोणीही, धागा काढला की घातला, हे सांगू शकतो. माझ्या वर्गातली पोरेही सांगतील. छत्तीस हजारांच्या तारेचे नेमके उलट आहे. स्पष्टीकरणे रग्गड: स्फटिकांची, चांदीची, विजेच्या दिशेची. नाही ती फक्त घटना. रामनना समजावून सांगण्यासारखे काहीतरी समोर होते. इथे जाजम टांगल्याबरोबर समजावून सांगायचे तेच नाहीसे होते.

कान सूक्ष्म असतो हे मला नाकारायचे नाही. बावीस श्रुतींचा वाद याच मुलुखात झाला. कृ. ब. देवलांचे त्यावरचे इंग्रजी पुस्तक १९१० साली पुण्यातून निघाले. क्लेमेंट्स नावाचे सनदी अधिकारी त्यांना मिळाले, अब्दुल करीम खाँसाहेबांनी गळा दिला, आणि श्रुती वाजवणारी खास हार्मोनियम करवून घेण्यात आली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर खडाजंगी झाली. पुढे १९६३ साली जैराझभॉय आणि स्टोन यांनी कलावंतांचे स्वर यंत्राने मोजले, तेव्हा एकच स्वर एकाच मैफलीतही थोडा वरखाली होत असल्याचे आढळले. ठरावीक बावीस घरे काही सापडली नाहीत. म्हणून कोमल ऋषभाची आस गवयाला कळत नाही असे कोण म्हणेल? पण देवल-क्लेमेंट्स या मंडळींविषयी मला आदर वाटतो तो यासाठी, की त्यांनी आपला दावा एका पेटीत भरला आणि गवयांसमोर, विरोधकांसमोर ठेवला. हरण्याची सोय करून ठेवली होती त्यांनी. तारवाला ती सोय ठेवत नाही. तुम्ही म्हणालात 'मला फरक कळत नाही', तर तो हळुवारपणे म्हणतो, "कान तयार व्हायला वेळ लागतो, साहेब."

या वाक्याचा मला राग येतो. गाण्यातला गुरूही हेच म्हणतो, आणि त्याचे म्हणणे खरे असते. पण गुरू तुम्हाला वर्षभर समोर बसवतो, आणि वर्षानंतर तानपुऱ्याचा पंचम उतरला तर तुम्हाला तो डोळे मिटूनही खुपतो. गुरूचा तयार कान अंधारात चालतो. तारवाल्याचा तयार कान पावती पाहिल्यावाचून चालत नाही.

'आनंद झाला ना, मग तुमचे काय गेले?' असे मला काही जण विचारतात. पैसा त्यांचा होता, गेला तर गेला. माणसे फटाक्यांतही घालवतात. पण या आनंदाबरोबर एक गोष्ट विकली जाते: स्वतःच्या कानावरचा अविश्वास. शाळेत मी ती रोज पाहतो. श्रुतलेखन घालताना आम्ही शिक्षक 'पोटफोड्या ष' म्हणून बजावतो. बोलताना श आणि ष यांतला फरक आज मराठीत जवळजवळ उरलेला नाही. मुले तो शब्द डोळ्यांनी पाठ करतात. पण 'ऐकू आला का रे फरक?' असे विचारा, सगळा वर्ग 'हो सर' म्हणतो. गेल्या वर्षी एक मुलगा उभा राहून म्हणाला, "मला नाही आला." पोरे हसली. त्या हसण्यात आणि तारवाल्याच्या हळुवारपणात मला काही अंतर दिसत नाही. तो मुलगा पुढे हात वर करायचे सोडून देईल, मग न ऐकलेलेही ऐकल्याचे सांगू लागेल, आणि चाळिशीत कमाई हातात आली की मखमली पेटी घेऊन येईल.

माझ्या स्नेह्यांनी ती तार काढलेली नाही. वीज तिच्यातूनही जाते, असे ते म्हणतात. पेपर मात्र ते आता सकाळीच वाचतात. मध्यंतरी दुकानातून फोन आला होता: त्याच तारेची वरची जात आली आहे, माणूस घरी येऊन ऐकवील. स्नेही म्हणाले, जरूर या, पण जाजम मी टांगणार आणि तार माझा पुतण्या बदलणार. दिवाळी आली, अजून कोणी आलेले नाही.