थांबण्याइतका वेळ

स्टॅन्ली क्रॅमर यांच्या १९५९ सालच्या ‘ऑन द बीच’मध्ये अणुयुद्ध दिसतच नाही. ते होऊन गेलेलं असतं. उत्तर गोलार्धात कुणी उरलेलं नाही. किरणोत्सार दक्षिणेकडे सरकतो आहे आणि मेलबर्नची माणसं उरलेले महिने मोजत आहेत.

अशात अमेरिकेच्या किनाऱ्यावरून तारायंत्राची टकटक ऐकू येते. अर्थ लागत नाही. पण टकटक आहे म्हणजे माणूस असणार. पाणबुडी अख्खा पॅसिफिक ओलांडून सॅन दिएगोला जाते. संरक्षक पोशाख चढवून एक जण किनाऱ्यावर उतरतो, आवाजाचा माग काढतो. खिडकीच्या पडद्याच्या दोरीत कोका-कोलाची बाटली अडकलेली. वारा आला की पडदा हलतो, बाटली हलते, यंत्राची कळ दाबली जाते.

माणूस नव्हता. वारा होता.

युद्ध पेटलं कसं? फ्रेड अस्टेअरने साकारलेला शास्त्रज्ञ म्हणतो, रडारवर काहीतरी दिसल्यासारखं वाटून कुणीतरी बटण दाबलं असेल.

ही दोन दृश्यं मला एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत. अर्थहीन खुणेत आशेला माणूस दिसला, भीतीला शत्रू. आशेची चूक एका प्रवासावर भागली. भीतीची चूक जगाला पुरून उरली.

आता प्रत्यक्षातली गोष्ट. २६ सप्टेंबर १९८३. सोव्हिएत इशारा-केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव यांच्यासमोर अमेरिकी क्षेपणास्त्र सुटल्याची सूचना झळकली. मग आणखी चार. हल्लाच करायचा तर पाचच का, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी वर कळवलं, इशारा खोटा आहे. ढगांवर चमकलेलं ऊन उपग्रहाला ज्वाळा वाटलं होतं.

पेत्रोव यांना खात्री नव्हती. शंका होती, आणि त्या शंकेला मान देण्याचं धैर्य होतं.

चित्रपटाच्या शेवटी मेलबर्नच्या ओस चौकात एक कापडी फलक फडफडतो : वेळ अजून गेलेली नाही, असं सांगणारा. त्याच्याखाली प्रार्थनेला जमलेली गर्दी आता नाही.

खूण दिसल्यापासून बटणावर बोट पडेपर्यंतचे क्षण, तोच आपला वेळ. शस्त्रं वेगवान होत गेली तसा तो आखडत गेला. आणखी काही राखता आलं नाही, तरी तेवढे क्षण राखू या. दोरीत काय अडकलं आहे, ते जाऊन बघण्याइतके.