वक्ता नसलेली बैठक

सोसायटीच्या जिन्यात चार जोडी चपला जास्त दिसल्या आणि बंद दाराआडून गाण्याचे सूर आले, की शेजाऱ्याच्या डोक्यात हल्ली एकच शब्द येतो: धर्मांतर. सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा हवा का, हे पाहायला राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समितीही नेमली. दुसरीकडे, हॉल भाड्याने घेऊन दोन तास माइक न सोडणारा पास्टरही पत्रकावर ‘बायबल स्टडी’ असेच छापतो. संशय घेणारा आणि भाषण ठोकणारा, दोघांची समजूत एकच: बायबल उघडले की एकाने सांगायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. अंधेरी-बोरिवलीतल्या घरगुती बैठकीला हे चित्र लागू पडत नाही.

ऐकण्याची परंपरा जुनी, हे खरेच. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) श्रोत्यांसाठीच रचलेले. केरीचा मराठी नवा करार १८११ मध्ये छापून झाला, दोन वर्षांत अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. पुस्तक हाती आले, तरी समजावून सांगणारा बहुधा पाद्रीच राहिला.

पंडिता रमाबाईंच्या, हिंदू विधवांसाठीच्या शारदा सदनाने पहिला खटका उडवला. चौपाटीवर १८८९ मध्ये सुरू झालेले सदन पुण्याला गेले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असा शब्द दिलेला असताना त्यांचे बिनसणे समजण्यासारखे आहे. पण त्या मुलींना काय वाटत होते, हे सदनावर टीका करणाऱ्या ‘केसरी’च्या रकान्यांतून कळत नाही. रमाबाईंनी पुढे केडगावला आयुष्याची अखेरची वर्षे संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली, तीही अल्पशिक्षित बायकांना स्वतः वाचता यावे म्हणून.

मात्र उपनगरांतल्या बैठकीचे मूळ केडगावात नाही. ते रोममध्येही अर्धेच सापडते.

मरोळ, वेसावे, गोराईच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन कॅथलिक पिढ्यान्‌पिढ्या क्रूसाभोवती जमत आले. यांतले कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगनंतर उभारलेले. तिथे जपमाळ म्हटली जाई, प्रार्थना तोंडपाठ असत. बायबल मात्र क्वचितच उघडले जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शास्त्र सर्व श्रद्धावंतांच्या सहज हाती यावे असे म्हटले, आणि मग कॅथलिक लोक प्रोटेस्टंटांची नक्कल करू लागले, असा सोपा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष निम्मी गोष्ट गाळतो. पुस्तक हाती येणे वेगळे आणि बोलायची मुभा मिळणे वेगळे. ही मुभा मुंबई धर्मप्रांतात १९८० च्या दशकात वस्तीतले छोटे समूह उभे राहू लागले तेव्हा मिळाली. तत्कालीन सहायक बिशप बॉस्को पेन्हा यांचे नाव या कामाशी जोडले गेले आहे.

अशा समूहांत वापरली जाणारी एक पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेची, सात पायऱ्यांची. दिवाणखान्यातला टीपॉय मध्ये, त्यावर मेणबत्ती आणि बायबल. एक जण उतारा वाचतो. मग ज्याला जो शब्द भिडला तो त्याने मोठ्याने म्हणायचा, तीनदा; अर्थ सांगायचा नाही. थोडी शांतता. नंतर प्रत्येकाने ‘मला’ म्हणून बोलायचे. इथे कडक नियम आहे: उपदेश करायचा नाही, दुसऱ्याचे बोलणे खोडायचे नाही. फादर असले तरी सगळ्यांसारखेच एक. निवृत्त बँक मॅनेजरला हे फार जड जाते. त्याच्या घरी स्वयंपाकाला येणारी बाई मात्र कर्जाविषयी, दारुड्या नवऱ्याविषयी एका वाक्यात बोलून मोकळी होते. सहावी पायरी कामाची: या आठवड्यात काय करायचे? आजाऱ्याला भेटायचे, कोणाच्या रेशनकार्डासाठी खेटे घालायचे, गटाराची तक्रार वॉर्ड ऑफिसात न्यायची. सातवी, जमेल त्या शब्दांत प्रार्थना.

नक्कल असेलच, तर ती प्रवचनाची नव्हे.

चाळी पडून टॉवर उभे राहिले, गावठाणाची आळी सातव्या मजल्यावर विखुरली. तिथे ही बैठक शेजार पुन्हा जुळवायच्या कामी आली. मुलुंड-घाटकोपरकडची मल्याळी कुटुंबे आपापल्या भाषेत घरोघरी जमतात; त्यांच्यातल्या सीरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ पासून कल्याणचा वेगळा धर्मप्रांत आहे. कुठेही जा, बायका आणि निवृत्त माणसे जास्त. पुरुष लोकलमध्ये, तरुण रात्रपाळीत. इंग्रजी, मराठी, कोकणी यांवरून गट फुटतात, आणि अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्यांपुढे गावठाणातली म्हातारी गप्प बसते, हा दोष बाहेरच्या संशयापेक्षा जास्त घातक. घाईत सहावी पायरी वगळणारेही पुष्कळ. अशा गटांत वर्षभरात एखादा गोडबोल्या माणूस मधल्या खुर्चीवर येऊन बसतो, बाकीचे वह्या काढून लिहून घेऊ लागतात, आणि पुढच्या पत्रकावर त्याचा फोटो छापला जातो.