दार लावून घेण्याचा हक्क

सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द आजही पत्ता म्हणून वापरला जातो. रिक्षावाल्याला 'सेटलमेंट फ्री कॉलनी' एवढे सांगितले की पुरते. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ वसाहत इतकाच आहे. परंतु जुन्या सोलापूरकरांच्या मनात त्याला काटेरी तारेची आठवण चिकटलेली आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू करता येऊ लागला, आणि पुढील काही वर्षांत गिरण्यांच्या आश्रयाने सोलापुरात ही वसाहत उभी राहिली. कैकाडी, पारधी, भामटे, मांग गारुडी अशा जमातींची कुटुंबे तेथे कुंपणाआड ठेवण्यात आली. बोटांचे ठसे घेतले गेले, नावे नोंदवहीत चढली. हजेरी द्यावी लागे. गिरणीत कामाला जाण्याची मुभा होती, पण परगावी जायचे तर पास हवा. अक्कलकोटच्या रस्त्याने वळसंगला सोयऱ्यांकडे लग्नाला निघालेल्या माणसाने कोठे जायचे, केव्हा परतायचे, हे आधी कोणीतरी लिहून द्यायचे, आणि गावच्या पाटलावरही अशा पाहुण्याची खबर ठेवण्याची जबाबदारी असायची.

यातील मर्म असे की, ही पाळत गुन्ह्यावर नव्हती, जन्मावर होती. आईच्या कडेवर असलेल्या पोराने काय चोरले होते? त्याची जमात यादीत होती, एवढाच त्याचा अपराध. मुंबई प्रांताने १९४९ साली हा कायदा रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभर संपुष्टात आला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. तथापि कायदा गेला तरी नजर गेली नाही. सराईत गुन्हेगारांविषयीचे नवे कायदे आले, आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ज्यांनी वाचले आहे त्यांना पोलिसांच्या दृष्टीत ही माणसे काय राहिली हे सांगावयास नको. तुरुंगांच्या नियमावल्यांतील असल्या नोंदींवर सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी बोट ठेवावे लागले. म्हणजे विमुक्त होऊन बहात्तर वर्षे झाल्यावर.

ख्रिस्ती वाचकाने या इतिहासाचे आणखी एक पान उलटावयास हवे. सोलापूरच्या सेटलमेंटचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या हाती होता. देशात इतरत्र अशा वसाहती साल्वेशन आर्मीने चालविल्या. ते प्रॉटेस्टंट होते, आपण कॅथोलिक, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत; त्या काळी सरकारने आपल्या धर्मगुरूंना विचारले असते तर त्यांनी नकार दिला असता, अशी खात्री मला तरी देववत नाही. या मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, औषधोपचार केले, माणसांना रोजगार मिळवून दिला. त्यांच्या हेतूवर संशय घेण्याचे कारण नाही. आणि नेमके हेच अधिक अस्वस्थ करणारे आहे. सद्हेतूने आलेला माणूसही, हाती हजेरीची वही पडली की, समोरच्याला बंधू म्हणून पाहण्याआधी त्याचा अनुक्रमांक पाहू लागतो.

सरकारी पाळतीचा विषय निघाला की आपल्याकडे एक उत्तर ठरलेले असते : ज्याने काही केले नाही त्याला भय कशाचे? भाविक घरांतून त्याला दुसरी जोड मिळते. परमेश्वर सर्व काही पाहतो. मग सरकारने पाहिले तर काय बिघडले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सेटलमेंटमधील त्या कडेवरच्या पोराने दिलेले आहे. संशयास्पद काय हे पाहणारा ठरवतो, पाहिला जाणारा नव्हे. दुसरा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि त्याला सावकाश उत्तर दिले पाहिजे.

परमेश्वर पाहतो, हे खरेच. उत्पत्तीच्या पुस्तकात रानात पळून गेलेली दासी हागार त्याला 'मला पाहणारा देव' असे नाव देते. ज्या स्त्रीकडे कोणी माणूस म्हणून पाहिले नव्हते तिला हे पाहणे जीवदान वाटले. पण त्याच बायबलमध्ये दुसरेही पाहणे आहे. दानीएल दिवसातून तीन वेळा खिडकीशी प्रार्थना करतो, हे राजाच्या अधिकाऱ्यांना ठाऊक होते. आधी त्यांनी प्रार्थनेवर बंदीचा हुकूम काढून घेतला आणि मग पाळत ठेवून त्याला पकडले. आपल्या कॅथोलिक बायबलमध्ये दानीएलाच्याच पुस्तकात असलेल्या सुसान्नेच्या कथेत दोन वडीलधारे न्यायाधीश बागेत दडून एका स्त्रीला न्याहाळतात, आणि तिने नकार देताच तिच्याविरुद्ध साक्षीदार होऊन उभे राहतात. पाहणारे तेच, आरोप करणारे तेच, आणि गावचे न्यायाधीशही तेच! दानीएल त्या दोघांना वेगवेगळे करून उलटतपासणी घेतो तेव्हाच ती वाचते. लूककृत शुभवर्तमानात तर खुद्द प्रभू येशूच्या मागावर, सज्जनपणाचा आव आणणारे हेर पाठविलेले दिसतात.

तेव्हा भेद कोठे आहे? परमेश्वराच्या ज्ञानाला अहवाल लागत नाही, आणि ते कोणाच्या हाती शस्त्र म्हणून जात नाही. सर्व पाहणारा हाच पिता प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावून घ्यावयास सांगतो, असे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू शिकवितो. ज्याच्यापासून काही लपत नाही तोच मानवाला एकांत बहाल करतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात सदसद्विवेकबुद्धीला मानवाचे अंतरतम पवित्रस्थान मानले आणि खाजगी जीवनाच्या संरक्षणाची गणना मूलभूत हक्कांत केली. १९८३ च्या धर्मसंहितेतील २२० वे कलम हाच हक्क प्रत्येकाला देते.

पण माझ्या मते याहून खोल शिकवण आपल्याला पापनिवेदनात मिळते. गुपित फोडायचे नाही, एवढेच आपण ऐकलेले असते. धर्मसंहितेचे ९८४ वे कलम त्यापुढे जाते. गुपित फुटण्याचा लेशमात्र धोका नसला तरी, ऐकलेल्या गोष्टीचा उपयोग पापनिवेदकाला अपायकारक होईल अशा रीतीने करण्यास धर्मगुरूला मनाई आहे. आणि जो अधिकारपदावर आहे त्याने पापनिवेदनातून मिळालेले ज्ञान बाह्य कारभारात कधीही वापरावयाचे नाही. ज्याला माणसाचे अंतरंग कळते त्याच्या हाती त्याच ज्ञानाच्या बळावर त्या माणसाची नेमणूक, बदली वा शिक्षा असू नये, असा हा विचार आहे. ज्ञान आणि सत्ता यांच्यामध्ये ख्रिस्तसभेने भिंत बांधली, कारण दोन्ही एकाच हाती आली की माणूस मोकळेपणाने बोलणेच सोडून देईल हे तिला ठाऊक होते.

राज्यसंस्था पापनिवेदन ऐकत नाही आणि तिच्याकडून धर्मगुरूच्या मौनाची अपेक्षाही करता येत नाही. १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट मुंबईने सोसले आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेक्यांचे सीमेपलीकडील सूत्रधारांशी चाललेले फोन ऐकले गेले, ते योग्यच झाले. प्रश्न असतो तो कोणाच्या परवानगीने, किती काळ आणि कोणाला उत्तरदायी राहून, हा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये फोन चोरून ऐकण्यावर बंधने घातली. पण आदेश देणारा गृहसचिव आणि त्याचे पुनरावलोकन करणारी समिती ही दोन्ही सरकारचीच राहिली. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी आजही लागत नाही. सुसान्नेच्या बागेतील दोघांची आठवण येथे येणे स्वाभाविक आहे. १९६२ साली खरकसिंग खटल्यात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी पाळतीखालील माणूस मोकळा दिसला तरी मोकळा नसतो अशा आशयाचे मत अल्पमतात राहून नोंदविले होते. त्याला मान मिळावयास २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. आणि २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याने सरकारला आपल्याच यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार देऊन ठेवला!

येशूसंघीय फादर स्टॅन स्वामींचा विषय टाळून हा लेख लिहिता येत नाही. रांचीजवळ आदिवासींमध्ये राहणाऱ्या या वृद्ध धर्मगुरूच्या खोलीची महाराष्ट्रातून गेलेल्या पुणे पोलिसांनी २०१८ आणि २०१९ मध्ये झडती घेतली. संगणक जप्त झाला. ८ ऑक्टोबर २०२० रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना भीमा कोरेगाव प्रकरणात अटक केली. कंपवाताने हात थरथरत असल्याने तळोजा तुरुंगात पाणी पिण्यासाठी त्यांना नळीचा पेला मागावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते वारले. वय ८४, जामीन अर्ज प्रलंबित. त्यांच्या बचाव पक्षासाठी तपासणी करणाऱ्या अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये निष्कर्ष काढला की, त्यांच्या संगणकात कोणीतरी दुरून शिरून कागदपत्रे पेरली होती. न्यायालयात याची शहानिशा त्यांच्या हयातीत झाली नाही. दुरून शिरणारा कोण, हे मी सांगू शकत नाही. परंतु जुन्या हेराला निदान जे आहे तेच पाहता येत असे. आता पाहण्याच्या वाटेने आत येऊन नसलेले ठेवून जाता येते. अशा वेळी 'काही केले नाही' हे निर्दोष माणसाचे वाक्य कोठवर टिकणार?

यावर आपल्या धर्मग्रामांतून फारशी चर्चा झाली नाही. प्रार्थना झाल्या, मेणबत्त्या लावल्या गेल्या. कायदा कसा असावा हे मात्र राजकारण समजून आपण बाजूला ठेवले. आमदार-खासदार मतांसाठी आपल्या अंगणात येतात तेव्हा रस्ते आणि स्मशानभूमी यांच्या जोडीला, पाळतीच्या आदेशावर न्यायाधीशाची सही का नसावी, हेही विचारावयास हरकत नाही. आणि विचारण्यापूर्वी स्वतःच्या घराकडे एकदा पाहावे. कुटुंबांच्या माहितीचे तक्ते भरून घेताना कोणाचे लग्न मोडले, कोण देवळात येत नाही, हे आपण लिहून घेतो. ती वही कोणाकोणाच्या हाती फिरते? चोरीच्या भीतीने कित्येक देवळांत आता कॅमेरे बसले आहेत. दानपेटीवर असावेत. पापनिवेदनाच्या जागेकडे त्यांपैकी एखाद्याचे तोंड नाही ना, हे धर्मग्राम समितीने येत्या रविवारी मिस्सा सुटल्यावर पाहून घ्यावे.