परवाना : परवानगी की गवाही?

मोटारसायकलचा परवाना म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील, पोलिसाने अडवल्यावर दाखवायचा कागद. जरा विचार करणारा म्हणेल, सरकारने दिलेली परवानगी. आम्हाला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. दोन्हींत फक्त दोनच माणसे आहेत, गाडी चालवणारा आणि सरकार. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे तो तिसरा माणूस त्यांत कुठेच नाही.

नाशिकच्या द्वारका चौकात रस्ता ओलांडायला उभी असलेली म्हातारी, वडाळा गावातून शाळेला निघालेली मुले, भद्रकालीत हातगाडी लावून उभा असलेला बागवान, यांच्यापैकी कुणीही समोरून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराची परीक्षा घेतलेली नसते. कुणीतरी ती घेतली असेल या भरवशावर ते रस्त्यात पाऊल टाकतात. हा भरवसा म्हणजेच परवाना. ‘हा माणूस गाडी चालवायला शिकलेला आहे, त्याच्याकडून तुमच्या जिवाला नाहक धोका नाही,’ अशी गवाही परवान्याद्वारे अनोळखी लोकांना दिलेली असते.

गवाहीचे महत्त्व आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. निकाहाला दोन गवाह लागतात. त्यांनी काही न ऐकता, काही न पाहता नुसत्या सह्या ठोकल्या, तर त्याला आपण गवाही म्हणणार नाही. पण कुणाच्या तरी ओळखीने, चार पैसे जास्त देऊन, गाडीला हातही न लावता मिळवलेल्या परवान्याबद्दल आपण कौतुकाने बोलतो. ‘काम झाले’ म्हणतो. त्यात फसवणूक झाली असेल तर सरकारची झाली, असे आपण धरून चालतो. खरे तर फसवली गेली ती रस्ता ओलांडणारी म्हातारी. खोट्या गवाहीचा बळी तीच आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ नुसार गाडी चालवण्याचे वय अठरा आहे. मात्र पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी सोळा वर्षे पुरतात, आणि अठराच्या आतल्या मुलाच्या अर्जावर आई-वडिलांची किंवा पालकाची सही लागते. ही सवलत लुनाच्या जमान्यातली. आज पन्नास सीसीची गाडी शोधूनही सापडत नाही. क्लासला जाणारी सोळा-सतरा वर्षांची मुले शंभर-सव्वाशे सीसीच्या स्कूटरवर जातात, आणि गाडीला गिअर नाही एवढ्यावर घरचे लोक समाधान मानतात.

१९८९ च्या केंद्रीय नियमांतला तिसरा नियम शिकाऊ माणसासाठी आहे. त्याच्याकडे शिकाऊ परवाना हवा. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा, पाटी किमान अठरा सेंटीमीटर चौरस. आणि सोबत परवानाधारक शिकवणारा हवा, तोही गाडी थांबवता किंवा ताब्यात घेता येईल अशा जागी बसलेला. मोटारसायकलवर शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाला बसवण्यास मनाई आहे.

मोटारीत हा नियम पाळता येतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक असतो. मोटारसायकलवर शिकवणारा बसणार कुठे? मागे. आणि मागे बसणाऱ्याच्या हाताशी ब्रेक नसतो, क्लच नसतो, हँडल नसते. जबाबदारी त्याच्यावर, पण सत्ता काहीच नाही. नियम लिहिणाऱ्यांनी मोटारीचे माप मोटारसायकलला लावले. परिणामी नियम कागदावर राहिला आणि मुले मोकळ्या मैदानात, मोठ्या भावाच्या गाडीवर, पडत-धडपडत शिकत राहिली.

ब्रिटनमध्ये १९९० पासून नवशिक्याला सक्तीचे प्राथमिक प्रशिक्षण घ्यावे लागते. ते पुरे केल्याशिवाय त्याला एकट्याने गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आधी मैदानातला सराव होतो. मग रस्त्यावर किमान दोन तास. शिकवणारा मागच्या सीटवर नसतो, तो दुसऱ्या मोटारसायकलवरून सोबत असतो आणि रेडिओवरून सूचना देत राहतो. नवशिक्याला मागे माणूस बसवण्याची परवानगीच नाही. त्यांचे सगळेच आपण उचलावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु मोटारसायकल हे वेगळे वाहन आहे आणि त्याचे शिक्षणही वेगळे हवे, एवढे त्यांनी ओळखले.

आपल्याकडे अलीकडे झालेल्या बदलांची दिशा निराळी आहे. २०२१ च्या जूनपासून महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या आधारे घरबसल्या शिकाऊ परवान्याची परीक्षा देता येऊ लागली. त्याच वर्षी केंद्राने मान्यताप्राप्त वाहनचालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले. अशा केंद्रातून उत्तीर्ण होणाऱ्याला आरटीओतली चालवण्याची परीक्षा माफ. २०२४ च्या जूनमध्ये ‘आता आरटीओची परीक्षाच बंद’ अशी आवई उठली आणि नवीन काही बदललेले नाही, असा खुलासा केंद्रीय मंत्रालयाला करावा लागला.

या सुधारणांना आमचा सरसकट विरोध नाही. मजुरी बुडवून रांगेत उभे राहणाऱ्याचा दिवस वाचत असेल तर चांगलेच आहे. पण प्रत्येक बदलाला एक प्रश्न विचारला पाहिजे. आता गवाह कोण, आणि त्याने खरोखर काय पाहिले? घरच्या संगणकावर उत्तरे कुणी दिली, हे त्या घराच्या इमानावर सोडलेले आहे. केंद्राने फी घेऊन दिलेला दाखला कितपत खरा, हे त्या केंद्राच्या नियतीवर. आणि आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढला तर तोल सांभाळता येतो एवढेच सिद्ध होते. दूध बाजाराच्या गर्दीत अचानक आडवे आलेले पोर दिसले तर हा माणूस काय करील, याची गवाही आठचा आकडा देत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा, घरोघर पार्सल पोचवणारा, पहाटे मार्केट यार्डातून माल उचलणारा, यांच्यासाठी दुचाकी म्हणजे चूल आहे. प्रशिक्षण सक्तीचे केले तर फी कोण भरणार? हलक्या वाहनांच्या मान्यताप्राप्त केंद्राला किमान एक एकर जागा लागते. जुन्या नाशकात एक एकर कुठून येणार? केंद्र शहराबाहेर गेले तर तिथे जायला पुन्हा गाडीच हवी. गरिबाला न पेलणारा नियम केला की तो नियमाबाहेर जगू लागतो, आणि खोट्या गवाहीचा बाजार आणखी तेजीत येतो.

आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. प्रशिक्षण महाग आहे म्हणून ते नको, असे म्हणण्याऐवजी ते स्वस्त आणि जवळ करा, असे म्हटले पाहिजे. महापालिकेच्या शाळांची आणि आयटीआयची मैदाने सुट्टीच्या दिवशी रिकामी असतात. मराठी, हिंदी, उर्दूतून शिकवता येईल. कारण अपघाताचा खर्चही गरिबालाच अधिक पडतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत शंभरातले चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरचे होते. हेल्मेट नसलेले ५०,०२९. कमावता मुलगा गेल्यावर त्या घरात जे उरते, त्याच्यापुढे कुठलीही फी मोठी नाही.

नाशिकने एक प्रयोग पाहिला आहे. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून पोलिसांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ ही मोहीम सुरू केली. पुढे विनाहेल्मेट सापडलेल्यांना नाशिक फर्स्ट संस्थेच्या वाहतूक शिक्षण उद्यानात दोन तासांच्या समुपदेशनाला बसवले जाऊ लागले. पंपापुरते दुसऱ्याचे हेल्मेट मागून घेणारेही निघाले. डोके आपले, हेल्मेट मात्र पंपवाल्याला दाखवण्यासाठी! तरीही त्या दोन तासांची कल्पना आम्हाला मोलाची वाटते. प्रश्न एवढाच की हे दोन तास पकडले गेल्यावर का? गाडी हातात येण्याआधी का नाहीत?

हा ‘आधी’ घरालाही लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९-क आले. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. मला ठाऊक नव्हते, किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती, असे सिद्ध केले तर सुटका. २०२४ च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली मोटारसायकलवरचे दोघे मेले. त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले गेले, आणि साऱ्या देशाने संताप केला. तो रास्तच होता. मात्र संताप करणाऱ्या किती घरांत त्या संध्याकाळी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ‘जा, बर्फ घेऊन ये’ म्हणून किल्ली दिली गेली नसेल? ठाऊक नसणे हा न्यायालयात बचाव होऊ शकतो. बापासाठी तो बचाव नाही. आपला मुलगा गाडी कशी चालवतो हे ठाऊक करून घेणे हेच तर त्याचे काम.

अपघातानंतर आपल्या मोहल्ल्यात म्हटले जाते, मौतची वेळ ठरलेली होती. ज्याच्या घरी मयत झाली त्याच्यासाठी हे शब्द आधाराचे आहेत. ते त्याच्याकडून कुणी हिरावून घेऊ नयेत. किल्ली देणाऱ्याला मात्र त्यांच्या आड लपता येणार नाही.

राहिला शिकणारा. शिकायचे तर कधीतरी रस्त्यावर यावेच लागते, आणि नवशिका रस्त्यावर आला की इतरांना थोडा धोका असतोच. तो पूर्ण टाळता येत नाही. पण ज्यांच्यावर तो लादला जातो त्यांना तो कळवण्याची सोय आहे, तो लाल ‘एल’. मोटारसायकलवर ही पाटी क्वचितच दिसते. तरण्या मुलांना तिची लाज वाटते. वास्तविक ‘मी अजून शिकतो आहे, मला सांभाळून घ्या’ असे अनोळखी माणसांना सांगणारी त्या रस्त्यावरची ती सर्वांत प्रामाणिक गवाही आहे. नियम बदलतील तेव्हा बदलतील. ही पाटी मुलाच्या गाडीला आजच लावता येते, आणि तो पुरेसा शिकला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किल्ली न देणे, हेही आजच करता येते.