न दिसणारा स्वर

डोळ्यांना जे बरोबर दिसते, पण ज्याच्या पोटात खोटे दडलेले आहे, त्याला खरे म्हणावे की खोटे? प्रश्न काही नवा नव्हे. पण आमच्यापुढे तो पुन्हा उभा केला आमच्या लेकीच्या मुलाने, आणि तोही हार्प नावाच्या परदेशी तंतुवाद्याच्या निमित्ताने.

हा नातू विलायतेत असतो. पाश्चात्त्यांचे पाच रेघांवरचे स्वरलेखन संगणकावर जुळवून छापण्याजोगे करून देणे, हा त्याचा उद्योग. पूर्वी या खुणा धातूच्या पत्र्यावर उलट्या कोरीत. आता ते काम संगणकातली प्रणाली करते. तो ज्या प्रणालीवर काम करतो तिचे नाव लिलीपाँड. हान-वेन नीनहुइस व यान न्यूवेनहाउझेन या दोघा डच गृहस्थांनी १९९६ साली ती करावयास घेतली, आणि ती सर्वांना फुकट मिळते.

आता अडचण ऐका. त्यांच्या लिपीत प्रत्येक स्वराला ठरावीक काळ असतो. इतक्या मात्रा झाल्या की स्वर संपला. काळ वाढवायचा तर पुढे तोच स्वर पुन्हा लिहून दोहोंना कमानीसारख्या बारीक रेघेने जोडतात. तिला ते टाय म्हणतात. आघात एकच, काळ दोहोंचा मिळून. पण झांज वाजविली, हार्पची तार छेडली, तर ती आपल्या मात्रा मोजून थांबते थोडीच? पियानोत बोट उचलताच तारेवर नमद्याची गादी पडून आवाज मिटतो. पायाने पट्टी दाबून धरली तर गाद्या उचललेल्याच राहतात नि स्वर आपल्या मरणाने मरतो. हार्पला अशा गाद्याच नाहीत. तिथे वाजत राहणे हा तारेचा स्वभाव, आणि थांबविणे हे हाताचे कर्म. म्हणून स्वरानंतर विराम लिहिलेला दिसला की वादक घोटाळ्यात पडतो, तार दाबावी की सोडावी? अशा ठिकाणी ‘लेसे व्हिब्रे’, म्हणजे ‘कंपू द्या’, असे दोन फ्रेंच शब्द लिहितात, किंवा स्वरापुढे एक लहानशी कमान काढतात, जी पुढे कोठेच पोहोचत नाही. एक टोक स्वराला, दुसरे मोकळे.

हे मोकळे टोकच यंत्राला कळेना. साधी जोडरेघ दिली की यंत्र पुढचा स्वर मागते, आणि तो न मिळाला तर जोड अपुरा राहिल्याची तक्रार करते. तेव्हा आमच्या नातवाने युक्ती केली. पुढे तोच स्वर लिहिला, त्याला कमान जोडली, आणि तो स्वर दिसू नये अशी आज्ञा दिली. कागदावर कमान अगदी हवी तशी, मोकळी दिसली. सतरा ठिकाणी त्याने असे केले.

पुढे त्याच्या सोबत्याने तेच लेखन दुसऱ्या आकाराच्या कागदासाठी घेतले. लपवायच्या आज्ञा त्याला निरर्थक वाटल्या. त्याने त्या पुसून टाकल्या. झाले! सतराही भुते कागदावर उभी राहिली. वादकाने प्रामाणिकपणे जसे लिहिले तसे मात्रा मोजून तार हाताने दाबली. जिथे सोडून द्या म्हणायचे होते, तिथे बरोबर उलटे, थांबवा, असे निघाले.

नातू आम्हांला म्हणाला, “आजोबा, माझ्या कागदावर तर काहीच चुकीचं नव्हतं ना?”

आम्ही पटकन उत्तर दिले नाही. पाठशाळेत पतंजलींच्या महाभाष्यातला नगाऱ्याचा दृष्टांत आम्ही घोकला होता. नगारा वाजविला की एखाद्याचा नाद वीस पावले पोहोचतो, एखाद्याचा तीस, एखाद्याचा चाळीस. स्फोट तेवढाच, लांबी वाढते ती ध्वनीमुळे. आघात आमचा, पावले किती ते आम्ही कोण लिहिणार? आणि पाणिनींचा लोप पाहा. जिथे काही दिसावयास हवे होते नि दिसत नाही, तिथे त्यांनी चोरून काही ठेवले नाही; त्या न दिसण्यालाच उघड नाव दिले. नातवाने नेमके याच्या उलट केले. नसलेले आणून ठेवले नि वर पडदा ओढला.

त्याला हे सांगताना मात्र आमची जीभ अडखळली. पाठशाळेत असताना गुरुजींनी एक जुनी पोथी उतरावयास दिली होती. एका श्लोकाची तीन अक्षरे कसरीने खाल्ली होती. तिथे जागा कोरी सोडावी ही रीत आम्हांला ठाऊक होती. पण कोरी जागा दिसली असती तर आमची प्रत अपुरी ठरली असती. वृत्तात बसतील, अर्थही लागेल, अशी तीन अक्षरे आम्ही बसविली. अक्षर इतके वळणदार की कोणाला संशय आला नाही. गुरुजींनी पाठ थोपटली. वर्षभराने दुसरा एक विद्यार्थी आमच्या प्रतीवरून तो श्लोक पाठ करताना ऐकला. आमची तीन अक्षरे त्याच्या तोंडी ऋषींची झाली होती. आम्ही गप्प राहिलो.

हे सारे नातवाला सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, या प्रणालीत खरी सोय आधीपासूनच होती, मलाच शोधायचा कंटाळा आला. ते दोन फ्रेंच शब्द जोडून स्वरामागे आज्ञा म्हणून लिहिले की यंत्र पुढचा स्वर मागत नाही. कमान काढते नि टोक मोकळे सोडते. त्या रात्री बसून त्याने सतराही जागा दुरुस्त केल्या आणि वादकाला पत्र लिहून चूक आपली असल्याचे कळविले.

मूळ पोथी कोठे गेली, पत्ता नाही. गुरुजीही राहिले नाहीत. आमची प्रत मात्र कपाटात आहे. परवा काढून पाहिली. त्या तीन अक्षरांभोवती आता तांबड्या शाईने चौकट केली आहे, आणि समासात आमचे नाव घातले आहे. ज्याने तो श्लोक पाठ केला होता, त्याला पत्र अजून लिहावयाचे आहे.