भास्कराचार्यांनी नाकारलेले उत्तर

माकडांच्या कळपाचा पाचवा भाग घेतला, त्यातून तीन वजा केले आणि आलेल्या संख्येचा वर्ग केला. तेवढी माकडे गुहेत शिरली. उरलेले एक फांदीवर दिसते आहे. कळपात माकडे किती? भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तल्या या उदाहरणाला उत्तरे दोन येतात, 50 आणि 5. पन्नासचे सरळ आहे: दहातून तीन गेले सात, सातचा वर्ग एकोणपन्नास आणि फांदीवरचे एक. पाच घेतले तर एकातून तीन वजा करावे लागतात. उणे दोनचा वर्ग चार, त्यात एक मिळवला की पाच. हिशेब चोख जुळतो. तरीही प्रत्यक्षातली ऋण संख्या लोकांना पटत नाही, असे सांगून भास्कराचार्य हे उत्तर सोडून देतात.

ऋण गुणिले ऋण म्हणजे धन, हा नियम ब्रह्मगुप्तांनी 628 मध्येच लिहून ठेवला होता. भास्कराचार्यांचा ग्रंथ 1150 चा. नियम हाती येऊन पाच शतके उलटली, तरी ऋण संख्येला प्रत्यक्षात जागा कुठे द्यायची हा प्रश्न सुटला नव्हता. सातवीच्या वर्गात मात्र तो एका तासिकेत सुटावा अशी आपली अपेक्षा असते. ‘सर, उणे दोन माकडं कशी असतील?’ असे विचारणारी मुलगी कच्ची ठरते.

भावी शिक्षकांनी गणिताचा इतिहास शिकावा तो यासाठी. कोणती अडचण मुलाच्या आळसातून आली आणि कोणती विषयाच्या पोटातच आहे, हे ओळखायला तो शिकवतो. ऋण संख्येने युरोपातही असेच अडवले. ऑगस्टस डी मॉर्गन हे लंडनमधले गणिताचे नामांकित प्राध्यापक. 1831 च्या पुस्तकात त्यांनी विचारले: वडील 56 वर्षांचे, मुलगा 29 चा, वडिलांचे वय मुलाच्या दुप्पट कधी होईल? उत्तर येते उणे दोन. डी मॉर्गन यांना ते विसंगत वाटले. पण तिथे न थांबता त्यांनी प्रश्नच बदलून दाखवला: दुप्पट कधी होते? दोन वर्षांपूर्वी. वर्गात अडलेल्या मुलासाठी यापेक्षा चांगली वाट मला माहीत नाही.

आपल्याकडे गणिताचा इतिहास म्हणजे बहुधा 22 डिसेंबरच्या गणित दिनाचे भाषण आणि शून्याचा अभिमान. अभिमान जरूर असावा, पण गुणाकार शिकवताना तो कामी येत नाही. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असेही ब्रह्मगुप्तांनी लिहिले आहे. हेही सांगायला हवे. त्याने त्यांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. नुसत्या अभिमानापेक्षा अध्ययन महत्त्वाचे, हे आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी मठ उभारला, तो आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी. तिथल्या शिलालेखात तसे कोरले आहे.

इतिहासाचा क्रम हाच शिकवण्याचा क्रम असावा, असे मी म्हणत नाही. संख्यारेषा फार उशिरा आली. आज ती मुलाच्या हाती लवकर द्यावी हेच शहाणपणाचे. अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, ही तक्रारही खरी. म्हणून वेगळा पेपर नको. डी.एल.एड. आणि बी.एड.च्या पाठ-नियोजनातच हे आणता येईल. माकडांचे गणित भावी शिक्षकांना सोडवायला द्यावे आणि ‘5 हे उत्तर का नको?’ असे विचारणाऱ्या मुलाला काय सांगाल, ते पानभर लिहून घ्यावे.