औंढ्याचा प्रश्न आणि वसमतची हळद

मनुष्याच्या सुखाचे मोजमाप हा अलीकडे जगाच्या दफ्तरी एक नियमित विषय होऊन बसला आहे. रोग नसणे एवढ्यालाच आरोग्य म्हणता येत नाही, त्यात मनाचे आणि समाजाचे स्वास्थ्यही आले, असे जागतिक आरोग्य संघटनेने 1948 साली अमलात आलेल्या आपल्या घटनेत नमूद केले; आणि 2012 पासून निघणाऱ्या जागतिक आनंद अहवालात तर शून्यापासून दहापर्यंतच्या एका कल्पित शिडीवर आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे ज्याचे त्याला विचारून देशोदेशींची जमाबंदी केली जाते. फिनलंड 2018 पासून त्यात अग्रस्थानी आहे.

या व्यवहाराशी हिंगोली जिल्ह्याची गाठ पडते ती हळदीच्या निमित्ताने. जखम भरून काढण्याच्या हळदीच्या गुणावर अमेरिकेत 1995 साली दिले गेलेले पेटंट शास्त्रज्ञ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन 1997 मध्ये रद्द करविले, तेव्हा आजीबाईच्या बटव्याला जणू न्यायालयाची सनद मिळाल्याचा आनंद आपल्याला झाला. पण 2017 साली रसायनशास्त्रज्ञांनी साऱ्या प्रयोगांची रुजुवात घातली, तेव्हा हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य अस्थिर आहे, शरीरात फारसे शोषले जात नाही आणि काटेकोर चाचण्यांत त्याने यश दाखविलेले नाही, असा निष्कर्ष निघाला. त्याची वार्ता मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगितली नाही. आपल्या सोयीचे तेवढे शास्त्र मानावयाचे, ही खोड पूर्वेस आणि पश्चिमेस सारखीच आहे.

याच हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या शिवारात जावे. आठ-नऊ महिने जपलेले पीक खणून काढलेले असते. कंद मोठ्या कुकरात वाफेवर शिजत असतात, शिजलेले उन्हात पसरलेले असतात, वाळलेले फिरत्या ढोलात घासून चकचकीत होत असतात. आणि वाफेच्या तोंडाशी ओणव्याने वावरणाऱ्या बाईचे तळवे, नखे, पदर सारे पिवळेधमक झालेले असते. तिच्या हातची हळद दूरच्या शहरात सोनेरी दूध म्हणून पिणारा गृहस्थ आपल्या झोपेचे तास मनगटावरच्या यंत्रात मोजीत असतो. स्वास्थ्य ही ज्याच्या त्याच्या खात्यावर जमा होणारी मिळकत आहे काय, हा प्रश्न येथेच उभा राहतो.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथाचे ज्योतिर्लिंग आहे. गाभारा जमिनीच्या पातळीखाली. अरुंद वाटेने अंग चोरून खाली उतरावे लागते. परंपरा सांगते की, नरसीचे नामदेव गुरूच्या शोधात तेथे आले, तो विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले. पाय काढा म्हणताच ते उत्तरले की, जेथे देव नाही ती जागा दाखव आणि तेथे माझे पाय ठेव. नामदेवांचा विठ्ठल तोवर त्यांच्या एकट्याचा जिवलग होता. त्या प्रश्नाने ती खाजगी मालकी संपली. पुढे ते पंजाबपर्यंत गेले आणि त्यांची एकसष्ट पदे गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली.

आख्यायिकेची ऐतिहासिक छाननी कोणी करावी, माझी हरकत नाही; स्वास्थ्य एकट्याचे नसते, हा तिचा आशय मला महत्त्वाचा वाटतो. हार्वर्डमध्ये 1938 पासून चालू असलेले संशोधनही ज्यांना जिव्हाळ्याचे संबंध लाभले ते उतारवयात अधिक निरोगी आणि समाधानी राहिले, असेच सांगते. यावरून आमच्या संतांनी हे आधीच सांगितले होते, अशी शेखी मिरविण्यात अर्थ नाही, कारण सांगणे निराळे आणि त्या न्यायाने वागणे निराळे; सर्वांभूती ईश्वर पाहणाऱ्या परंपरेत वाढलेले आपण मजुराच्या दुखऱ्या पाठीला नशिबाचा भाग ठरवून मोकळे होतो. उलट, एकट्याने डोळे मिटून बसण्याचे वर्ग जे विकतात त्यांनाही विसोबांचा प्रश्न अडचणीचाच आहे, कारण जे स्वास्थ्य शेजाऱ्याच्या अस्वास्थ्याला स्पर्श न करता टिकते, त्याला विसोबा स्वास्थ्य म्हणू देणार नाहीत.

शिडीची पायरी विचारणाऱ्यांनी एकदा वसमतच्या त्या कुकरापाशी उभ्या असलेल्या बाईलाही तो प्रश्न विचारावा; तिचे उत्तर नोंदले जात नाही तोवर हळद पिणाऱ्याच्या आरोग्याचा हिशेब अपुरा आहे, असेच मी मानतो.